बिनमापाचा लाल

त्या राज्यात पाणी एका जागी होते आणि तहान सत्तर जागी.

वर डोंगराच्या कुशीत एक मोठा तलाव होता. खाली खोऱ्यात लांबवर विखुरलेले सत्तर डोह होते. तलावाच्या काठाला सत्तर मोऱ्या, प्रत्येक मोरीच्या तोंडाशी एक शिळा, आणि प्रत्येक मोरीतून आपापल्या डोहापर्यंत गेलेला एकेक पाट. शिळा सरकवली की पाणी सुटे, परत लोटली की थांबे. हे काम गव्यांच्या कळपाचे होते, कारण खांद्यात तेवढी ताकद दुसऱ्या कुणाच्या नव्हती. राज्यही गव्यांचेच होते, बहुधा त्याच कारणाने.

कळपाचा थोरला गवा राजा होता. मनाने वाईट नव्हता, पण नजरेने अधू होता. डोंगरावरून खाली पाहिले की त्याला सगळे डोह सारखेच दिसत. कुठला भरलेला, कुठला आटलेला, काही उमगत नसे. रंग मात्र त्याला दिसत. म्हणून साळोजी कारभाऱ्याने, म्हणजे दरबारच्या साळिंदराने, एक व्यवस्था लावून दिली होती.

प्रत्येक डोहाच्या काठी एक उंच खांब रोवला, आणि खांबावर एक सरडा बसवला. प्रत्येक डोहाला एक बगळा नेमून दिला. बगळ्याने रोज सूर्य उगवताना डोहाच्या मधोमध उभे राहायचे आणि पाणी आपल्या पायाला कुठवर लागते ते ओरडून सांगायचे. पाणी मांडीला लागले तर सरड्याने हिरवे व्हायचे. गुडघ्याला लागले तर पिवळे. घोट्याच्या खाली गेले तर लाल. लाल दिसला की गवे त्या डोहाची शिळा सरकवत. हिरव्या-पिवळ्याला पाणी नसे. मग बगळा उडून डोंगरावर जाई, आपले माप साळोजीच्या कानावर घाली, आणि साळोजी आपल्याच पाठीचा एक काटा उपसून ते वहीत लिही. भर दुपारी तो वही आणि खांब ताडून पाही. या चाकरीबद्दल डोहाने बगळ्याला रोज चार मासे द्यायचे, असा रिवाज होता. मासे कोणते द्यायचे हे माशांना कुणी विचारले नव्हते, पण रिवाज होता.

व्यवस्था छान होती. थोरल्या गव्याला जागचे न हलता सगळे राज्य दिसू लागले. ती ठरली त्या वर्षी सत्तरही डोह तुडुंब होते, त्यामुळे एखाद्या सकाळी बगळा आलाच नाही तर सरड्याने काय करायचे, हे विचारणे कुणाला सुचले नाही. भरल्या पोटी उपाशी माणसाची गोष्ट कोण काढतो?

सत्तराव्या खांबावर काटकी बसत असे. ती अंगाने इतकी वाळकी होती की आपल्या मूळच्या तपकिरी रंगात असली म्हणजे खांबाला फुटलेली एखादी डहाळीच वाटे. त्यावरून तिला हे नाव पडले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात; काटकीची तर तेवढीही नव्हती, कारण खांब सोडायची तिला मुभाच नव्हती. पण डोळे तिचे दोन दिशांना फिरत. एक डोळा ती खाली बगळ्याच्या पायावर ठेवी आणि दुसरा वर डोंगरावर. तीन उन्हाळे तिने रंगात चूक केली नव्हती, आणि याचा तिला मनातून अभिमान होता.

या उन्हाळ्यात सत्तराव्या डोहाचे पाणी गुडघ्याशी आले. काटकी पिवळी झाली. पिवळ्याला पाणी नसते, म्हणून डोह आटत राहिला. पण पाणी घोट्यापर्यंत उतरण्याच्या आधीच मासे संपले. मोठे मासे बगळ्याच्या वाट्याला गेले, उरली ती नखाएवढी पिल्ले. एके सकाळी लंबोजी बगळ्याने पाण्यात चोच फिरवली, चोचीला काही लागले नाही, आणि माप न सांगताच तो उडून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

माप नाही म्हणून रंग नाही. काटकी तपकिरी झाली. डोंगरावरून पाहणाऱ्याला सत्तराव्या डोहावर आता खांबाशिवाय काही दिसत नव्हते.

"काटके, आला का गं तुझा लंबोजी?" खालून आवडाक्काने विचारले. आवडाक्का म्हणजे त्या डोहातली सगळ्यात म्हातारी कासवीण.

"न्हाई, आक्का."

"येतोय तर! ताट रिकामं झालं की पाव्हणा उठतोच. पर ह्यो तर हात धुवायला बी थांबला न्हाई."

आवडाक्का बोलत होती, पण जागची हलत नव्हती. डोहाचे आता परातीएवढे डबके उरले होते. त्यात ती नखाएवढी पिल्ले खालीवर करत होती. उन्हाने पाणी तापू नये म्हणून आवडाक्का त्या डबक्यावर पाय फाकून उभी होती. तिच्या पाठीची जेवढी सावली पडे, तेवढेच पाणी गार राही. सूर्य सरकला की तीही बोटभर सरके. तिला चार पाय होते. चालत चालत ती चार दिवसांत तलावापर्यंत पोचली असती. पण सावलीही तिच्याबरोबर गेली असती. पाठीवरचे कवच दोन ठिकाणी तडकले होते.

टुण्या बेडकाला तिने आधीच डोंगरावर पाठवले होते. तो पाचव्या दिवशी परतला, तेव्हा त्याच्या पायाचे पडदे फाटले होते.

"भेटला का कारभारी?" आक्काने विचारले.

"भेटला की! म्हनला, कंचा डोह? म्या म्हनलं, सत्तरावा. त्यानं वहीची पानं उलटली. म्हनला, सत्तरावा लाल न्हाई. म्या म्हनलं, बगळाच येईना, तर लाल हुनार कुटनं? म्हनला, मग माप आण. म्या म्हनलं, बगळ्याबिगर माप कोन देनार? म्हनला, मग बगळा आण."

"आन बगळा पाण्याबिगर येत न्हाई," आक्का म्हणाली.

"त्येच म्हनलं म्या. तर म्हनला, ज्याची तक्रार असती त्याचा खांब लाल असतो. तुमचा लाल न्हाई, म्हंजी तुमची तक्रार न्हाई. म्या म्हनलं, कारभारी, एकदा खाली या आन डोळ्यानं बघा. तवा त्यानं असे काटे फुलवले, म्या पायरीवरनं उडीच टाकली."

टुण्या दम खायला थांबला. मग त्याने एक बातमी सांगितली, ती काटकीच्या काळजात रुतून बसली. डोंगरावर सण ठरला होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खोऱ्यात एकवीस खांब लाल होते. मग नऊ झाले. मग तीन. आता एकही नव्हता. एवढ्या कडक उन्हाळ्यात एकही लाल खांब नाही, असे पूर्वी कधी घडले नव्हते. थोरल्या गव्याने साळोजीच्या गळ्यात फुलांची माळ घालायचे ठरवले होते. परवा दुपारी.

काटकीने आपला वरचा डोळा खोऱ्यावरून सावकाश फिरवला. हे तिने पूर्वी कधी केले नव्हते, कारण दुसऱ्याचे खांब मोजणे हे सरड्याचे काम नव्हे. तिने अठरा रंगीत खांब मोजले, हिरवे आणि पिवळे. बाकीच्या, तिचा स्वतःचा धरून, बावन्न खांबांवर काही दिसत नव्हते. म्हणजे बावन्न सरडे तपकिरी होते. एकोणसत्तराव्या खांबावर भुरा नावाचा सरडा होता. तिने नीट पाहिले तेव्हा त्याचाही एक डोळा तिच्याकडेच वळलेला दिसला. दोघांनीही घाईघाईने डोळे दुसरीकडे फिरवले.

दुसऱ्या सकाळी लंबोजी डोक्यावरून उडत जाताना दिसला. काटकीने हाक मारली.

"लंबोजी, खाली ये! एकदा पाय बुडव आन एक माप सांगून जा. तेवढंच कर!"

लंबोजी घिरट्या घालत खाली आला, पण उतरला नाही. "काटके, पाय बुडवायला पाणी हवं ना. तुमच्याकडे चिखल आहे. चिखलाचं माप नियमात नाही."

"घोट्याच्या खाली म्हन की! खोटं थोडंच हाय?"

"आणि कारभाऱ्याने विचारलं, पाय ओला का नाही, तर?" तो म्हणाला. मग त्याने आवडाक्काच्या तडकलेल्या पाठीकडे पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. "मलाही पिल्लं आहेत," असे पुटपुटून तो पाचव्या डोहाकडे उडाला. तिथे अजून मासे होते.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि तिचे नाव राज्यात कुणी मोठ्याने घेत नसे. बिनमापाचा लाल. दोन उन्हाळ्यांपूर्वी एकेचाळिसाव्या खांबावरचा एक सरडा ढगांच्या गडगडाटाला घाबरून नको त्या वेळी लाल झाला होता. दुपारी साळोजीने वही ताडली, माप सापडले नाही, आणि त्याने दरबारच्या हुजऱ्याला, शिक्रा या शिकारी पक्ष्याला, खूण केली. शिक्र्याने झेप घातली आणि तो सरडा परत कुणाला दिसला नाही. आपल्या मनाने रंगणारा सरडा खोटा, असे त्या दिवशी सगळ्या खांबांना कळवण्यात आले.

काटकीने दिवसभर हिशेब मांडला. गवे फक्त रंग पाहतात. सूर्य उगवताना लाल दिसला की ते शिळा सरकवतात. माप आले की नाही, हे त्यांना ठाऊकही नसते. माप पाहतो साळोजी, आणि तो पाहतो भर दुपारी. तलावापासून सत्तराव्या डोहापर्यंतचा पाट सगळ्यात लांब. वाळलेल्या पाटातून, भेगा भरत भरत, पाणी इथवर यायला अर्धा दिवस लागणार. तोवर ती लाल राहिली पाहिजे. मधेच रंग गेला तर गवे शिळा परत लोटतील. म्हणजे पाणी आणि शिक्रा, दोघेही एकाच सुमाराला येणार.

"आक्का," ती म्हणाली, "उद्या दुपारपत्तुर तग धरशीला?"

आवडाक्काने मान वर केली. म्हातारीला सगळे कळले. "येडी हाईस का गं पोरी?" ती म्हणाली. "तपकिरी बसलीस तर तुला कोन बगत बी न्हाई. जलमभर अशीच जगशील. ह्या नखाएवढ्या पोरांपायी जीव घालवतीस?"

"तुमी न्हाई का उभ्या?"

आक्का बोटभर सरकली, कारण सूर्य सरकला होता.

सणाच्या दिवशी सूर्य उगवला आणि काटकीने लाल व्हायला सुरुवात केली. हे वाटते तितके सोपे नव्हते. बगळ्याची आरोळी ऐकली की तिचे अंग आपोआप रंगायचे, इतक्या वर्षांची सवय. आज आरोळी नव्हती. रंग आतून ओढून आणावा लागत होता. आधी शेपूट लाल झाली, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी डोके. तिच्या वरच्या डोळ्याला डोंगरावर हालचाल दिसली. एका गव्याने सत्तराव्या शिळेला खांदा लावला. शिळा सरकली.

त्यानंतर फक्त वाट पाहणे होते.

सरड्याच्या जातीला भीती वाटली की अंग आपोआप काळपट, तपकिरी होते. त्याच एका गोष्टीवर ती जात इतकी युगे टिकली आहे. काटकीला भीती वाटत होती. दर थोड्या वेळाने तिच्या कुशीवर तपकिरी डाग उमटे, आणि ती दातओठ खाऊन तो परत लाल करी. सूर्य वर चढत होता. खांबाची सावली आखडत खांबाच्या बुडाकडे येत होती. पाट कोरडा होता.

"काय दिसतंय का?" खालून आक्का.

"न्हाई अजून."

सावली वीतभर उरली. डबक्यातली दोन पिल्ले उताणी झाली होती. आक्काने ती पाहिली आणि काटकीला सांगितले नाही.

वर डोंगरावर माळ घेऊन उभ्या राहिलेल्या थोरल्या गव्याने खोऱ्याकडे पाहिले आणि माळ तशीच हातात धरून... पण गव्याला हात कुठले. माळ शिंगावरच राहिली, एवढे खरे. "कारभारी," तो म्हणाला, "एकही लाल नाही म्हणालास ना?" साळोजीने वही उघडली. सत्तराव्यापुढे माप नव्हते. त्याने शिक्र्याकडे पाहिले.

काटकीने शिक्रा उडताना पाहिला. आधी तो एक ठिपका होता. तिच्या दोन्ही कुशी तपकिरी होऊ लागल्या. अजून वेळ होता. ती तपकिरी झाली असती तर शिक्र्याला नुसता खांब दिसला असता. तो दोन घिरट्या घालून, डोळे चोळून परत गेला असता. बाकीचे सगळे पुन्हा होते तसे चालले असते.

आणि तेवढ्यात पाटाच्या वळणावर वाळलेली पाने हलली. पानांच्या मागून चिखलाच्या रंगाचे, फेसाळ, बोटभर रुंदीचे पाणी आले. ते एका भेगेत शिरले, भेग भरेपर्यंत थांबले, आणि पुढे निघाले.

"आलं! आक्का, आलं!"

पण ते अजून वीस हात लांब होते, आणि मधे भेगा होत्या. आत्ता रंग सोडला तर मागून शिळा बंद होणार, आणि एवढे पाणी वाटेतच जिरून जाणार. काटकीने एक डोळा पाण्यावर ठेवला आणि एक शिक्र्यावर. दहा हात. शिक्र्याचे पंख आता वेगवेगळे दिसत होते. पाच हात. तिने अंगातला सगळा जीव कातडीत आणला आणि ती अशी लाल झाली, जशी तीन उन्हाळ्यांत कधी झाली नव्हती. आवडाक्काच्या पुढच्या पायाला पाणी लागले. म्हातारीने डोळे मिटले आणि मोठ्याने रडू लागली.

त्याच क्षणी शिक्र्याचा पंजा बसला.

सत्तरावा खांब सगळ्यात शेवटचा होता, त्यामुळे शिक्र्याला डोंगरावर परतताना सगळ्या खोऱ्यावरून जावे लागले. तो खाली खाली उडत होता, कारण ओझे होते. पंजातली काटकी अजून लाल होती. प्रत्येक खांबावरच्या सरड्याचा एक डोळा वर असतो, आणि त्या दिवशी प्रत्येकाने तो लाल रंग आपल्या डोक्यावरून जाताना पाहिला.

भुरा सगळ्यात आधी लाल झाला. त्याचा बगळा जाऊन बारा दिवस झाले होते. मग सदुसष्टावा. मग अडुसष्टावा, जरा उशिरा, पण झाला. पुढे शिक्रा जसजसा जाई तसतसा त्याच्या मागे एकेक खांब पेटल्यासारखा होई. सगळे नाही झाले. बाराव्यावरचा आणि तेविसाव्यावरचा सरडा शेवटपर्यंत डोळे मिटून तपकिरी बसून राहिले. बाकीचे एकोणपन्नास झाले.

शिक्रा डोंगरावर पोचला तेव्हा थोरला गवा उठून उभा होता. "खोऱ्यात पळस फुलला की काय?" त्याने विचारले. कळपातल्या गव्यांना वही ठाऊक नव्हती, त्यांना रंग तेवढा ठाऊक होता. ते खाली मान घालून आपापल्या शिळेकडे निघाले.

साळोजी मोऱ्यांकडे पाठ करून वहीपुढे बसला होता. शिक्र्याने पंजा उघडून पकडलेले त्याच्यापुढे टाकले. साळोजीने वाकून पाहिले. तिथे एक वाळकी, तपकिरी काटकी पडली होती. त्याने ती काट्याच्या टोकाने उलटी केली, पुन्हा सुलटी केली. लाल कुठेच नव्हता. मग त्याने पान काढले आणि सत्तराव्या डोहापुढे नीट वळणदार अक्षरात लिहिले: लाल नाही.

त्याच्या पाठीमागे एकोणपन्नास शिळा सरकल्या, आणि अक्षर वाळायच्या आत उडालेल्या तुषारांनी वहीचे पान भिजू लागले.